साठ किलोमीटर

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३. पुणे

कोजागिरी होती, पण रात्री खंडग्रास चंद्रग्रहण असल्यामुळे कोथरूडच्या हॉलवर कुणी दूध आटवलं नाही. चहावर भागवून आम्ही सतराजण बादल्या भरत बसलो होतो. कडीची, झाकणाची, वीस लिटरची बादली. तिच्यात दोन ताटं, चार वाट्या, एक पातेलं, सहा साबण, सॅनिटरी पॅडची चार पाकिटं, मच्छरदाणी, टॉर्च, ओआरएस, सुतळीचा गुंडा आणि वर घडी करून चादर. झाकण लागल्यावर वजन नऊ किलोच्या आत राहिलं पाहिजे, हा माझा हट्ट होता. छावणीतल्या रांगेत बहुतेक वेळा बाई उभी असते आणि तिच्या दुसऱ्या हातात मूल असतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. गाडी लावणं, माल मोजून चढवणं, बिल्टी, मालवाहतुकीचं सरकारी ई-वे बिल, रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरचे फोन, यात बावीस वर्षं गेली. मणिपूर ३ मे रोजी पेटलं तेव्हा इतरांसारखीच मीही बातम्या बघून सुन्न झाले होते. खोऱ्यातल्या बहुसंख्य मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा द्यायच्या मागणीविरोधात डोंगरी जिल्ह्यांत कुकींसह इतर जमातींचे मोर्चे निघाले आणि त्याच दिवशी चुराचांदपुरात ठिणगी पडली. पुढच्या काही दिवसांत खोऱ्यातल्या कुकींना डोंगरात आणि डोंगरातल्या मैतेईंना खोऱ्यात पळावं लागलं. साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली. सहा महिन्यांनंतरही ती शाळांत, कॉलेजांत, चर्चच्या सभागृहांत राहत होती. आमच्या गटाने मदत पाठवायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, पैसे गोळा करणारे पुष्कळ आहेत, माल पोचवायचं माझ्याकडे द्या.

पहिला वाद तांदळावरून झाला. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याने पाच टन तांदूळ देऊ केला, मनापासून. पण पुण्याहून आसामातल्या सिलचरपर्यंत तीन हजार किलोमीटर भाडं भरून तांदूळ न्यायचा आणि तोही तांदूळ पिकणाऱ्या मुलखात! मी त्यांना म्हटलं, काका, तांदळाचे पैसे द्या, तिथल्या बाजारात दीडपट माल येईल. ते दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी चेक घेऊन आले. जुन्या साड्या आणि दिवाळीचा फराळ आणणाऱ्यांना परत पाठवणं जास्त जड गेलं. एक आजी चकल्यांचा डबा छातीशी धरून आल्या होत्या. त्यांना पॅडची पाकिटं मोजायला बसवलं आणि त्या रात्री एकपर्यंत बसल्या.

दुसरा वाद खरा. हॉलच्या एका टोकाला एक मैतेई मुलगी बादल्या भरत होती, दुसऱ्या टोकाला एक कुकी मुलगा. दोघं पुण्यातच शिकतात, एकेकाळी एकाच मेसला जेवायचे. मेपासून बोलत नव्हते. मी त्यांना जवळ आणायचा प्रयत्न केला नाही, तो माझा अधिकार नव्हता. आमचं ठरलेलं होतं, ४८० बादल्या, २४० इंफाळला आणि २४० चुराचांदपूरला. प्रश्न आला इन्सुलिनचा. आमच्या डॉक्टर मैत्रिणीने सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानातून साठ कुप्या मिळवल्या होत्या. त्याही तीस-तीस करायच्या का?

मुलगा म्हणाला, लमकात, म्हणजे चुराचांदपुरात, सरकारी जिल्हा रुग्णालय एकच आहे, मोठा आजार असला की आम्ही इंफाळला रिम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचो, आता जाता येत नाही. डॉक्टर म्हणाली, रुग्ण मोजायचे, बाजू मोजायची नाही. मदतकार्यात निःपक्षपात म्हणतात तो हाच, रेडक्रॉसच्या तत्त्वांतही गरज हाच एक निकष आहे. सगळ्यांनी मुलीकडे बघितलं. तिने हातातली बादली खाली ठेवली. म्हणाली, "साठही तिकडे जाऊ दे ताई. पण यादीत लिहा. लपवू नका."

तेवढ्यावर वाद मिटला. पुढचे तीन आठवडे माझ्या हातात जी वही होती, तिच्या पहिल्या पानावर मी तिचं वाक्य लिहून ठेवलं.

सोमवार, ३० ऑक्टोबर. पुणे

एकोणीस फुटी आयशर सकाळी लागली. बादल्यांना १ ते ४८० आकडे घातले होते, विषम आकडे इंफाळचे, सम आकडे चुराचांदपूरचे. गावाचं नाव कुठेच नाही, कारण नावातच भांडण आहे. कुकी ज्या शहराला लमका म्हणतात त्याला मैतेई चुराचांदपूर म्हणतात, आणि खोक्यावर कुठलंही एक लिहिलं की तुम्ही बाजू घेतलीत. विषम आकडे डाव्या अंगाला, सम उजव्या, म्हणजे सिलचरला माल पलटी करताना, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवताना, दोन गाड्या दोन बाजूंना लावून एकाच वेळी भरता येतील. मार्केट यार्डातून आलेल्या चार हमालांनी दोन तासांत गाडी भरली आणि हमाली घेतली नाही. त्यांना घेऊन आम्ही हमाल पंचायतीच्या कष्टाच्या भाकरीत जेवायला गेलो.

ड्रायव्हर पाथर्डीचा, तिशीतला, ईशान्येकडे कधी न गेलेला. त्याची बायको गाडी निघायच्या आधी फोनवर मला म्हणाली, "ताई, तिकडं गोळीबार चालतो म्हणं." मी तिला शब्द दिला की तिच्या नवऱ्याची गाडी मणिपूरच्या हद्दीत जाणार नाही, सिलचरला माल उतरवून तो परत फिरेल. ई-वे बिल दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने पंधरा दिवस चालणार होतं. त्याच्या चार छापील प्रती काढल्या. मणिपुरात मोबाइल इंटरनेट मेपासून जवळजवळ बंदच होतं, फोनमधली पीडीएफ तिथे कुणाला उघडून दाखवणार?

गुरुवार, ९ नोव्हेंबर. पुणे ते सिलचर

वसुबारस. पहाटे लोहगावला निघाले तेव्हा सोसायटीत पहिली रांगोळी पडत होती. मांडीवर निळी पेटी, तिच्यात इन्सुलिन.

या पेटीबद्दल जरा सांगते, कारण पुढचे आठ दिवस मी तिच्याबरोबर राहिले. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. उन्हाने ते खराब होतं तसंच गोठल्यानेही होतं, आणि एकदा गोठलं की नंतर वितळून उपयोग नाही, हे कमी लोकांना माहीत असतं. म्हणून बर्फाच्या पट्ट्या फ्रीझरमधून काढून थेट पेटीत घालायच्या नाहीत. बाहेर ठेवायच्या, अंगावर घाम सुटू द्यायचा, आणि पट्टी कानाशी धरून हलवायची. आतलं पाणी सुटून बर्फ खुळखुळला की मगच घालायची. डॉक्टरने मला हे तिच्या स्वयंपाकघरात तीनदा करायला लावलं. शिवाय कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्या, तेव्हा सिरिंजही ४० च्याच. शंभरची सिरिंज चुकून मिसळली तर डोस चुकतो. म्हणून सिरिंज मी स्वतः एकेक बघून भरल्या.

कोलकात्याला विमान बदललं. तपासणीला डॉक्टरचं पत्र दाखवलं आणि पेटी उघडून दाखवली. दुपारी कुंभीरग्रामला उतरले. सुभेदारकाका आधीच पोचले होते. ते मूळ साताऱ्याचे, सैन्यातून निवृत्त, ऐन उमेदीची काही वर्षं आसाम-मणिपुरात काढलेली. त्यांनी सिलचरमधल्या मिझोरम हाउसमधून स्वतःचं इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना त्या राज्यात शिरायला लागणारा परवानाही काढून ठेवला होता. पाथर्डीची गाडी आदल्या रात्री लागली होती. ड्रायव्हर पाया पडायला वाकला, मी त्याला मध्येच धरलं. दहा दिवसांत क्लीनर सोडून मराठी बोलायला माणूस मिळाला नव्हता म्हणाला.

पट्ट्या एका औषधवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या.

शुक्रवार, १० नोव्हेंबर. सिलचर

सिलचरला रस्ता फुटतो. पूर्वेला राष्ट्रीय महामार्ग ३७ जिरिबामवरून इंफाळला जातो. दक्षिणेला वैरेंगते, कोलासिब, ऐजॉल आणि तिथून तुईवाई नदी ओलांडून मागच्या दाराने चुराचांदपूर. इंफाळ ते चुराचांदपूर एरवी साठ किलोमीटर, दीड-दोन तास. पण मैतेई आणि कुकी भागांच्या मधल्या, सुरक्षा दलांच्या पहाऱ्यातल्या पट्ट्यातून मालट्रक नेणं त्या वेळी शक्य नव्हतं. म्हणून एकाच यादीतला अर्धा माल एका दिशेला आणि अर्धा दुसऱ्या दिशेला पाठवायचा. इंफाळहून उलटं येऊन सिलचर-ऐजॉलमार्गे चुराचांदपूर गाठायचं तर सातशे किलोमीटरच्या वर जातं. नकाशावर बोट फिरवताना मला जे समजलं नव्हतं ते त्या तिठ्यावर उभी राहिले तेव्हा समजलं.

सकाळी फाटक बाजारात तांदूळ, मसूर, मीठ आणि मोहरीचं तेल घेतलं. शेंगदाण्याचं तेल त्या भागात कुणी खात नाही, हे पुण्यातल्या दोन्ही मुलांनी वेगवेगळं पण अगदी एकाच शब्दांत सांगितलं होतं. व्यापारी म्हणाला, काय ते आज आणि उद्या दुपारपर्यंत करा, रविवारी कालीपूजा, एक हमाल मिळणार नाही.

संध्याकाळी पलटी सुरू झाली आणि घात उघडा पडला. २७ क्रमांकाच्या बादलीच्या बुडाशी, गोलाकार, सुबक अक्षरांत स्टिकर: चुराचांदपूर. विषम आकडा, म्हणजे इंफाळची बादली. मग ३९, मग ४१. एकूण छत्तीस निघाल्या. छापखान्यात आधीची रद्द केलेली फाइल गेली होती, आणि कोजागिरीच्या रात्री अर्धवट झोपेत आमच्यातल्याच कुणीतरी ते चिकटवले होते. इंफाळच्या वाटेवर कुणी गाडी उघडून या बादल्या बघितल्या असत्या तर माल कुठून पळवला, कुठे नेताय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात जी चूक छपाईची असते तिच्यापायी तिथे ड्रायव्हरच्या जिवावर बेतू शकतं.

रॉकेल मागवलं. फडक्याने भिजवून, नखाने आणि चमच्याच्या कडेने आम्ही खरवडत बसलो. काका, मी, पाथर्डीचा ड्रायव्हर, त्याचा क्लीनर. मग उरलेल्या ४४४ बादल्याही एकेक उलट्या करून पाहिल्या. पहाटेचे पावणेतीन झाले. ड्रायव्हर शेवटची बादली पुसून म्हणाला, "आता लेकराचं अंग पुसल्यावानी झालीय." त्याला खरं तर सकाळीच परत निघायचं होतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

दोन्ही गाड्या सहा चाकी, स्थानिक. तुईवाईच्या वळणांवर मोठी गाडी फिरत नाही. माल दोन गाड्यांत विभागल्यामुळे दोन वेगळी ई-वे बिलं केली. ट्रान्झिट विम्यात दंगल धरत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागते, तीही घेतली. इंफाळच्या गाडीवर काछाडचा बंगाली ड्रायव्हर, ना मैतेई ना कुकी. ऐजॉलच्या गाडीवर मिझो ड्रायव्हर आणि शेजारी सुभेदारकाका. त्यांच्या पायाशी पाण्याचा कॅन आणि एक वही, माझ्या वहीची हुबेहूब नक्कल.

माल दुपारी एकला भरून झाला. ताडपत्री ओढून दोर आवळले. तिठ्यापर्यंत दोन्ही गाड्या मागेपुढे गेल्या.

सोमवार, १३ नोव्हेंबर. इंफाळ

रविवार बराक नदीच्या काठावर फटाके ऐकत आणि फोनची वाट बघत गेला. जिरिबामपासून पुढे मालट्रक सुरक्षा दलांच्या पहाऱ्यात ताफ्याने जात होते, त्यामुळे निघायची वेळ ड्रायव्हरच्या हातात नसायची.

सोमवारी गुवाहाटीमार्गे इंफाळला उतरले. विमानतळावरच परमिटची खिडकी आहे. बाहेर पडले आणि फोनमधला डेटा मेला. कॉल लागत होते. बावीस वर्षांपूर्वी मी कामाला लागले तेव्हाही आम्ही असंच काम करायचो, गाडी नंबर कागदावर आणि दर चार तासांनी एसटीडीवरून फोन. ती सवय त्या आठवड्यात कामी आली. संध्याकाळी साडेसहाला ड्रायव्हरचा फोन, "दीदी, इरांग पार." इरांग नदीवरचा बेली पूल. त्यावरून गाड्या एकेक सोडत होते. मी वहीत लिहिलं आणि त्या रात्री झोपले.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

गाडी दुपारी आली. छावणी एका कॉलेजात होती. वर्गांतले बाक भिंतीला लावून मध्ये बांबू आणि साड्यांचे आडोसे, प्रत्येक आडोशामागे एक कुटुंब. माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा हवा असं आंतरराष्ट्रीय निकषांत म्हटलं आहे. मी पावलांनी मोजलं. एका आडोशात पाचजण होते आणि जागा माझ्या कोथरूडच्या स्वयंपाकघराएवढी.

माल उतरवताना छावणीतली मुलंच रांग करून उभी राहिली. वाटप छावणीच्या समितीने केलं, आम्ही फक्त आकडे वाचले. प्रत्येक बादलीपुढे सही किंवा अंगठा. २४० पैकी २४०. समितीतल्या शिक्षकांनी वही वरून खाली वाचली आणि एका ओळीवर थांबले. इन्सुलिन, ६० कुप्या, चुराचांदपूर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आमच्यासाठी का नाही?" मी म्हटलं, तुमच्यापासून रिम्स पंधरा मिनिटांवर आहे. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी त्या पानावर सही केली.

बुधवार, १५ नोव्हेंबर. भाऊबीज

मला माहीत नव्हतं की त्याच दिवशी मैतेईंचा निंगोल चाकौबा असतो. निंगोल म्हणजे घरची लेक, चाकौबा म्हणजे जेवायला बोलावणं. लग्न झालेल्या लेकी-बहिणी त्या दिवशी माहेरी जेवायला येतात, घरचे मासे रांधतात, भाऊ भेटवस्तू देतो. आपली भाऊबीज आणि त्यांचा सण एकाच दिवशी!

पण माहेर जळालं असेल तर बोलावणार कुठे? छावणीतल्या काही भावांनी दोन बाकांवर कापड अंथरलं. समितीने थोडे मासे आणले होते, बाकी भात, डाळ आणि बटाटे घातलेली इरोम्बा. आमच्या बादल्यांतली ताटं त्या दिवशी पहिल्यांदा वापरली गेली. पंचेचाळीसच्या आसपासचा एक माणूस आपल्या बहिणीला वाढत होता. दोघं एकाच वर्गात, दोन आडोशांमध्ये राहत होती. तो तिच्या आडोशापाशी गेला, साडी बाजूला न करता बाहेरून हाक मारली, ती बाहेर आली आणि त्याच्याबरोबर दहा पावलं चालत "माहेरी" आली. मला वाटलं, हे बघायला आपण इथे नको. मी उठायला लागले तर तिने हात धरून बसवलं. "इचे," म्हणाली. म्हणजे ताई. माझ्या पिशवीत आईने दिलेल्या करंज्यांचा डबा होता. तो मी ताटाजवळ ठेवला.

दुपारी रस्त्यावरून भावाला फोन लावला. तो वारज्याला आईकडे होता. मला नीट बोलता आलं नाही.

रात्री काकांचा फोन आला, आवाज तुटक. पोचलो. २३९.

एक कमी. १७६ क्रमांक. मी विचारायच्या आत फोन तुटला.

गुरुवार, १६ नोव्हेंबर. इंफाळ ते चुराचांदपूर

मैतेई गाडीवाला तिकडे जात नाही, कुकी इकडे येत नाही. दोन्हीकडे जाऊ शकतात ते पंगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान, आणि आमच्यासारखे बाहेरचे. त्या दिवसांत कित्येक गोष्टी पंगल ड्रायव्हरांच्या हिमतीवर चालल्या आणि त्यांच्याबद्दल फार कुणी लिहिलं नाही. आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत. पेटीत सकाळीच खुळखुळणाऱ्या पट्ट्या घातल्या. नाम्बोल, बिष्णुपूर, मग डावीकडे लोकताकचं पाणी, मोइरांग. याच मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला होता. शाळेत हे वाचताना ते गाव कुठे असेल असा विचारही मनात आला नव्हता.

मोइरांगच्या पुढे रस्त्यावर आडवा बांबू आणि मैरा पाइबी. मैरा पाइबी म्हणजे मशाल घेतलेल्या स्त्रिया. मैतेई गावांत त्यांची सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासूनची पहाऱ्याची पद्धत आहे. पंधरा-वीस बायका, फनेक (लुंगीसारखं वस्त्र) नेसलेल्या, बहुतेक माझ्या आईच्या वयाच्या. आधार कार्ड, आडनाव, गाव, कामाचं काय? मग पेटी. मी उघडली. कुप्या पाहून आवाज चढले. औषध तिकडे चाललंय, आमच्या पोरांवर गोळ्या झाडणाऱ्यांकडे. ड्रायव्हर हिंदीत मला सांगत होता आणि मी त्याच्यामार्फत उत्तर देत होते. झाकण उघडंच राहिलं होतं. मी ते लावायला हात पुढे केला तर एकीने माझं मनगट धरलं.

तेव्हा मी वही दिली. त्यांच्यातल्या एका तरुण मुलीला इंग्रजी वाचता येत होतं. तिने मोठ्याने वाचलं, २४० बादल्या, इंफाळ, सह्या. २४० चुराचांदपूर. तांदूळ इतका, तितका. इन्सुलिन ६०, चुराचांदपूर. आणि त्या ओळीखाली इंफाळच्या शिक्षकांची सही. ती सही तिने दोनदा दाखवली. काल-परवा त्यांनी किती जड हाताने ती केली होती ते मला माहीत होतं.

दीड तास गेला. शेवटी मनगट सुटलं. बांबू उचलायला जी बाई पुढे आली तिने आधी काहीच वाद घातला नव्हता. साठीची, बारीक. ती माझ्या खिडकीशी वाकून हळू बोलली. ड्रायव्हरने सांगितलं, "हिचं घर तोरबुंगला होतं. मे महिन्यानंतर तिला जाता आलेलं नाही. तू आता त्या गावातून जाणार. रस्त्याला लागून निळं लोखंडी फाटक आहे. उभं आहे का बघ, म्हणते."

मधल्या पट्ट्यात गाडी थांबवू देत नाहीत. वाळूच्या पोत्यांमागे जवान, मग काही नाही, मग पुन्हा पोती. दोन्ही बाजूंना जळकी घरं, पत्रे आतल्या आत कोसळलेले, अंगणांत छातीएवढं गवत. मी खिडकीला डोकं लावून बघत होते. फाटकं होती, पण जळलेल्या लोखंडाला रंग राहत नाही.

पलीकडे कुकी स्वयंसेवक, पुन्हा वही, पुन्हा तेच प्रश्न, तोच राग, फक्त भाषा वेगळी. तिथल्याही एका बाईने इंफाळच्या २४० बादल्यांवर बोट ठेवून विचारलं, त्यांना का? तिचं घर इंफाळ शहरात होतं.

काका रस्त्यावरच उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. चार रात्री गाडीत काढल्या होत्या. भेटल्याबरोबर त्यांनी वही पुढे केली. १७६ समोर अंगठा होता. तुईवाईच्या अलीकडे एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन रस्त्याने चालली होती, बरोबर दोन मुलं आणि एक कोंबडी. "तिच्याकडे पाणी धरायला भांडं नव्हतं," काका म्हणाले. "अंगठा घेतलाय. वेळही लिहिलीय."

शुक्रवार, १७ नोव्हेंबर. चुराचांदपूर

सकाळी इन्सुलिन दिलं. नर्सने प्रत्येक कुपी उजेडात धरून फिरवली. गोठून गेलेल्या इन्सुलिनमध्ये कण दिसतात, ते ती बघत होती. साठ कुप्या बघायला तिला वीस मिनिटं लागली आणि मी परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी उभी होते. साठही चांगल्या. मग तिने सिरिंजचा एक खोका उघडला, ४० चा आकडा बघितला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. बाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती. त्यातले एक म्हातारे गृहस्थ इंफाळमधल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते दोन महिने अर्धा डोस घेऊन भागवत होते.

दुपारी शाळेतल्या छावणीत वाटप. पुण्यातल्या त्या मुलाची आई तिथेच होती. तिने मला लाल चहा दिला आणि विचारलं की तो वेळेवर जेवतो का. मी म्हटलं, जेवतो, आणि बादल्या छान भरतो. संध्याकाळी तुईबोंगला स्मृतिभिंतीपाशी गेलो. मेलेल्यांचे फोटो आणि काळ्या शवपेट्या मांडलेल्या होत्या. काकांनी टोपी काढली. तिथे आम्ही कुणाशी काही बोललो नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर. परतीच्या वाटेवर

काका त्यांच्या गाडीबरोबर ऐजॉलमार्गे निघाले. मी त्याच पंगल ड्रायव्हरबरोबर इंफाळकडे. पेटी रिकामी होती, तरी सवयीने मांडीवरच घेतली. मधल्या पट्ट्यात पुन्हा खिडकीला डोकं लावलं, या वेळी दुसऱ्या बाजूने.

बांबूपाशी तीच बाई होती. गाडी थांबायच्या आत उठून आली. काही विचारलं नाही, नुसती खिडकीशी उभी राहिली. मी ड्रायव्हरला म्हटलं, सांगा, थांबू देत नाहीत, जाताना आणि येताना दोन्हीकडे बघितलं. फाटकं आहेत, पण जळलेली आहेत, मला तिचं ओळखता आलं नाही. अंगणांत गवत वाढलंय.

त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग तिने काहीतरी विचारलं आणि तो माझ्याकडे वळला.

"गवत केवढं, म्हणते."

मी हात छातीशी नेऊन दाखवला. तिने त्या हाताकडे बघितलं, मान हलवली आणि बांबू उचलला.